खुराक आणि मेहनत

संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीत गेलात तर दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या दिसतात. धार काढायची आणि फेसाळ दूध तिथंच पेल्यात ओतायचं, अशी ही जुनी रीत. पिणाऱ्यांत तालमीतली पोरं असतात, तशी एकेकाळी तालमीत घाम गाळलेली, आता पन्नाशी ओलांडलेली माणसंही असतात. पेला दोघांचा सारखाच असतो. पोरगा पहाटे उठून जोर-बैठका मारून, हौद्यातल्या तांबड्या मातीत लढती करून आलेला असतो. पन्नाशीतले काका दिवसभर गल्ल्यावर बसून आलेले असतात. म्हशीच्या दुधाच्या त्या पेल्यात अडीचशे ते तीनशे कॅलरी असतात. पोराच्या अंगात त्या तासाभरात जळतात. काकांच्या पोटावर त्या साठत जातात.

वजन वाढण्याचं कोल्हापुरी कारण मला विचाराल तर मी एवढंच सांगेन: मेहनत सुटली, खुराक सुटला नाही. हे फक्त जुन्या पैलवानांचं नाही. शेतावर भांगलण करणाऱ्या, विहिरीचं पाणी ओढणाऱ्या, जात्यावर दळणाऱ्या माणसांसाठी जे ताट तयार झालं, ते आपण तसंच्या तसं उचलून राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आणलं. ताटात दोष नाही. ताटासमोर बसणाऱ्याचा दिवस बदलला आहे.

आणि गंमत अशी की मोजून खाण्याची पद्धत या गावाला जुनी माहीत आहे. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं, आणि इथल्या बोलीत ‘खुराक’ हा शब्द रुळलेला आहे. खुराक म्हणजे हाताला येईल ते खाणं नव्हे. थंडाईला बदाम किती, तूप किती, दूध किती, हे वस्ताद पैलवानाची मेहनत आणि त्याचा वजनगट बघून ठरवतो. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात लढले आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. अशा कुस्तीगिराला आपलं वजन हा एक आकडा म्हणून ठाऊक असतो आणि तो आकडा ताटाशी जोडलेला आहे हेही ठाऊक असतं. वजन उतरवायचं म्हणजे हेच गणित आपल्यापुरतं पुन्हा मांडायचं.

या गणिताचं एकक कॅलरी. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातली एक कॅलरी. शास्त्राच्या पुस्तकात तिला किलोकॅलरी म्हणतात. अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्न जाळून, माणसांना बंद खोलीत ठेवून, त्यांनी काय खाल्लं आणि किती उष्णता दिली हे मोजलं. त्यातून आलेले आकडे आजही चालतात: एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून चार, प्रथिनातून चार आणि तेलातुपातून नऊ. हा ‘नऊ’ लक्षात ठेवा, कोल्हापुरात त्याच्याशी पुन्हापुन्हा गाठ पडणार आहे. आपल्या देशातल्या धान्यांचे, भाज्यांचे आकडे काढायचं काम आधी कुन्नूरला आणि मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत झालं. २०१७ साली या संस्थेने ५२८ खाद्यपदार्थांचे तक्ते नव्याने छापले. म्हणजे ज्वारी, मटकी, अंबाडी यांच्यासाठी परक्या देशाचा तक्ता उघडायची गरज नाही.

आता आपल्याला दिवसाला किती लागतात ते पाहू. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. एक शिक्षिका आहेत असं समजा. वय ४२, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. १९९० पासून वापरात असलेलं मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र सांगतं की वजनाला दहाने गुणा, उंचीला सव्वासहाने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि त्यातून वयाची पाचपट वजा करा. बाई असेल तर आणखी १६१ वजा करायचे, पुरुष असेल तर पाच मिळवायचे. या बाईंसाठी उत्तर येतं १३२४. नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत चालवायला शरीर एवढ्या कॅलरी जाळतं. वर्गात उभं राहणं, घरकाम, थोडं चालणं धरून याची साधारण १.४ पट करायची. झाल्या सुमारे १८५०. वजन जिथल्या तिथं ठेवायचं तर हा त्यांचा खुराक.

उतरवायचं असेल तर यातून ४०० कमी करू. उरले १४५०. मी ४०० म्हणतो, ८०० म्हणत नाही, आणि इथं मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण बहुतेकांची गाडी याच ठिकाणी घसरते. एक किलो चरबीत ७७०० कॅलरी असतात असं धरतात. रोज ४०० ची तूट म्हणजे महिन्याला बारा हजार, म्हणजे दीड किलो. ऐकणाऱ्याला हे फार थोडं वाटतं. ‘महिन्यात दहा किलो’ असा बोर्ड रस्त्यावर वाचलेला असतो. पण ते दहा किलो कशाचे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. उपाशी शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, तिच्यासोबतचं पाणी सोडतं, आणि प्रथिनं कमी पडली तर स्नायूही खातं. काट्यावर आकडा खाली येतो, चरबी बरीचशी तिथंच राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीगीर विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलो गटात १०० ग्रॅमनी जास्त भरली आणि अपात्र ठरली. आदल्या रात्री तिनं न खाता-पिता, घाम गाळून दोन किलोंहून जास्त वजन उतरवलं होतं, तरीही ते थोडं उरलंच. रात्रीत उतरतं ते पाणी. चरबी तिच्या गतीनेच जाते, ऑलिंपिकच्या मल्लाचीसुद्धा.

दुसरी गोष्ट, ही दीड किलोची गती कायम राहत नाही. वजन ६५ वर आलं की त्याच बाईंची गरज १७५० च्या आसपास येते. लहान शरीराला कमी इंधन लागतं. १४५० तसेच ठेवले तर तूट ४०० वरून ३०० वर येते आणि काटा रेंगाळतो. लोक इथं हाय खातात, ‘माझं शरीरच तसलं’ म्हणून सोडून देतात. हे बिघडल्याचं लक्षण नाही. गणित एकदा पुन्हा मांडायचं, बास.

बाईंनी १२०० च्या खाली आणि पुरुषांनी १५०० च्या खाली डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल, पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर हे प्रकरण वाचून परस्पर काही सुरू करू नका.

वजन मुळात जास्त आहे का, हेही काट्यापेक्षा टेपने जास्त कळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, ही आपल्या लोकांची ठेवण आहे. म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं, वजन कितीही असो.

आता स्वयंपाकघरात येऊ.

कोल्हापूरच्या शेतकरी घरातल्या बाईला कॅलरी शिकवायला जाण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं. तिला ती येतेच. १९६३ पासून गोकुळ दूध संघ आहे, गावोगाव दूध संस्था आहेत, आणि रोज सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की फॅट लागते. आपल्या म्हशीला सहा पॉइंट पाच लागली की सहा पॉइंट आठ, हे तिला तोंडपाठ असतं, कारण दहा दिवसांचं बिल त्यावर ठरतं. तीच फॅट आपल्या चहात किती जाते, एवढाच पुढचा प्रश्न आहे. शंभर मिलिलिटर म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात ग्रॅम, म्हणजे नुसत्या फॅटच्या साठ कॅलरी, आणि एकूण शंभरच्या वर. तीन टक्के फॅटच्या टोन्ड दुधात एकूण साठ. प्रथिनांत फारसा फरक पडत नाही. तेव्हा दूध सोडायचं कारण नाही. साय काढा, किंवा घरात दोन प्रकारचं दूध ठेवा: वाढत्या मुलांना म्हशीचं, वजन उतरवणाऱ्याला हलकं.

गुळाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथल्या गुळाचा अभिमान मलाही आहे. त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि गुऱ्हाळावरच्या ताज्या काकवीची चव दुसरीकडे मिळत नाही. पण ‘साखर बंद केलीय, गुळाचा चहा पितो’ असं म्हणणारा माणूस कॅलरीच्या हिशेबात जवळपास आहे तिथंच आहे. शंभर ग्रॅम साखरेत चारशे, शंभर ग्रॅम गुळात साडेतीनशे ते पावणेचारशे. आणि गूळ खडा मोडून घेतात, चमच्याने मोजत नाहीत. चहात दोन चमचे साखर, दिवसाला चार चहा, म्हणजे १६० कॅलरी. नुसती ही साखर निम्मी केली तरी दिवसाच्या तुटीचा पाचवा हिस्सा हाती येतो.

भाकरीलाही जादू चिकटवू नये. ज्वारीचं पीठ, गव्हाचं पीठ, तांदूळ, सगळ्यांत शंभर ग्रॅमला ३३० ते ३५० कॅलरी. चपातीपेक्षा भाकरी बरी ती तिला तेल लागत नाही म्हणून, आणि ती चावावी लागते, त्यामुळे जेवण सावकाश होतं म्हणून. पण भाकरी केवढी? कुणाच्या घरी ती साठ ग्रॅम पिठाची असते, कुणाच्या घरी शंभर. पहिलीत दोनशे कॅलरी, दुसरीत साडेतीनशे. ‘मी फक्त दोन भाकऱ्या खातो’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की एक आठवडाभर, फक्त एकच आठवडा, स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा ठेवा. पिठाचा गोळा, कोरडे तांदूळ, शिजवायच्या आधीची डाळ, शेंगदाण्याचं कूट, सगळं तोला. आठवड्यानंतर काटा उचलून ठेवला तरी हाताला माप कळलेलं असतं. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापावर पिढ्यांना स्वयंपाक शिकवला. तीच वाटी, तोच चमचा इथंही पुरतो, फक्त आपल्या घरातली वाटी किती भरते ते एकदा बघून ठेवायचं.

मिसळीचं काय? हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठावर असतो, म्हणून आकडे मांडतोच. वाटीभर मटकीची उसळ दीडशे कॅलरी, आणि त्यातली मटकी उत्तम अन्न आहे. वरचं फरसाण चाळीस ग्रॅम धरलं तर सव्वादोनशे. ब्रेडचे चार स्लाइस पावणेतीनशे. आणि कट. कटावर तवंग जितका, तितका तेलाचा ‘नऊ’ आत जातो. दोन मोठे चमचे तेल असेल तर २४० कॅलरी. बेरीज नऊशेच्या जवळ जाते, आणि आपल्या शिक्षिकाबाईंचा दिवस १४५० चा आहे. तरीही मिसळ बंद करा असं मी सांगणार नाही. फरसाण वेगळ्या वाटीत मागा आणि निम्मं घाला, तवंग चमच्याने बाजूला सारा, ब्रेड दोनच घ्या, कट पुन्हा मागू नका. साडेचारशे-पाचशेत मिसळ बसते आणि तोंडाची चवही जात नाही. तांबड्या रश्श्याचंही असंच. रस्सा थोडा निवला की तवंग वर येऊन थांबतो, तो काढून टाकला की खाली राहतो तो हाडांचा अर्क, कांदा-लसूण मसाला आणि चव. पांढऱ्यात मात्र ओला नारळ, तीळ, काजू, खसखस अंगात विरघळलेलं असतं, ते काढता येत नाही. तांबडा दोन वाट्या, पांढरा अर्धी, असा नेम करावा.

तर १४५० चा एक दिवस असा जाऊ शकतो. सकाळी हलक्या दुधाचा, एक चमचा साखरेचा चहा. नऊच्या सुमाराला वाटीभर मटकीची उसळ आणि तिच्यासोबत अर्धी भाकरी. चहासकट इथपर्यंत ३३०. दुपारच्या डब्यात तीस-तीस ग्रॅम पिठाच्या दोन चपात्या, दीड चमचा तेलात केलेली वाटीभर भाजी, घट्ट आमटी, काकडी किंवा मुळा, आणि साय काढलेल्या दह्याचं ताक, हे ५३५. संध्याकाळी शाळेतून आल्यावर चहा आणि मूठभर फुटाणे, १४५. ही संध्याकाळची मूठ चुकवू नका. ती चुकली की रात्री सातला डब्यातली भडंग निघते आणि चुरमुरे हलके म्हणता म्हणता तेल आणि शेंगदाणे पोटात जातात. रात्री साठ ग्रॅमची एक भाकरी, दोडका नाहीतर घेवड्याची भाजी, एक उकडलेलं अंडं, वाटीभर दही, आणि सोबत कांद्याची पात, कच्ची मेथी, खर्डा, ४३०. बेरीज १४४०. प्रथिनं सुमारे ५५ ग्रॅम होतात. अंड्यात एकाची भर घातली आणि त्या कॅलरी भरून काढायला तेल अर्धा चमचा-अर्धा चमचा करत कमी केलं तर साठच्या पुढे जातात, आणि ते बरं, कारण तुटीच्या दिवसांत स्नायू टिकवायला प्रथिनं लागतात. अंडं चालत नसेल तर रात्री झुणका करा, पण तेलाची बुधली हातात धरून नव्हे.

हे रोज जसंच्या तसं जमणार नाही, आणि जमायची गरजही नाही. दूध संस्था जशी दहा दिवसांचं बिल काढते, तसा खुराकाचा हिशेब आठवड्याचा धरा. १४५० ने सात दिवसांचे झाले १०,१५०. रविवारी घरात मटण आहे, १९०० होणार हे आधीच धरून चला. उरलेल्या सहा दिवसांना प्रत्येकी १३७५ येतात. रोजची अर्धी चपाती आणि एक चमचा तेल कमी झालं की भागलं. मटणाला घाबरून रविवारी सकाळपासून उपाशी राहण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. उपवासाच्या दिवशी मात्र डोळे उघडे ठेवा. ताटभर साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप मिळून चारशेच्या पुढे कॅलरी असतात आणि प्रथिनं थोडीच. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही.

वजनही असंच आठवड्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर, काही न खाता करावं. खारट-तिखट खाल्लेल्या दिवसानंतर अंगात पाणी धरतं आणि काटा किलोभर वर जातो. ते पाणी असतं. दोन दिवसांत उतरतं.

एक गोष्ट तक्त्यात कुठंच लिहिलेली नसते. घरातली बाई शेवटी जेवते आणि उरलेलं संपवते. मुलानं टाकलेली अर्धी चपाती, पातेल्याच्या तळाची भाजी, ‘एवढंसं कशाला ठेवायचं’ म्हणून घेतलेला भात. हे तिच्या हिशेबात कधी येत नाही आणि वजन वाढलं की बोल तिलाच लागतो. हा अन्याय आहे. उरलेलं झाकून ठेवा, सकाळी फोडणीचा भात करा, आणि तिला सगळ्यांबरोबर पानावर बसवा. तसंच, वजन उतरवणाऱ्यासाठी वेगळी बेचव भाजी शिजवणं हा प्रकार पंधरा दिवसांवर टिकत नाही. सगळ्या घराची भाजी एकच असावी, तेल सगळ्यांचंच कमी व्हावं.

तेलाचा हिशेब तर सगळ्यात सोपा आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर त्यातून प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे ३४० कॅलरी जातात. तोच खप तीन लिटरवर आणला तर सव्वादोनशेच्याही खाली, दोनशेच्या आसपास येतात. म्हणजे माणशी रोज १३५ ची बचत, एकाही भाकरीला हात न लावता, मटण न सोडता, घरातल्या चौघांची एकदम. कोणतं ॲप लागत नाही, वही लागत नाही. पुढचा डबा फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख लिहा, आणि तो संपेल त्या दिवशी ती वाचा.